थांबा पक्षाचे अध्यक्ष

माझ्या गाळ्यावर मी जितकी गिऱ्हाइकं जोडली असतील, तितकीच पेंग मास्तरांनी परत पाठवली असतील. तैवानमधल्या क्वांगहुआ बाजारात तिसऱ्या मजल्यावर, सरकत्या जिन्याच्या तोंडाशी माझा गाळा आहे. कॉम्प्युटरचे सुटे भाग विकते, त्यातही ग्राफिक्स कार्डं जास्त. दर शनिवारी मास्तर थर्मास घेऊन यायचे, दोन स्टुलांपैकी आतल्या स्टुलावर बसायचे, काचेआडच्या किमती चष्मा कपाळावर चढवून वाचायचे आणि म्हणायचे, "अजून नाही."

तेवढ्यावर थांबले असते तर माझी काही तक्रार नव्हती. पण कोणी नवखा पैसे काढून काउंटरशी उभा राहिला की मास्तर मऊ आवाजात विचारायचे, "फार घाई आहे का?" झालं. तो नवखा अडखळायचा. मग मास्तर त्याला पुढचं कार्ड कधी येणार, ते आल्यावर हे किती उतरणार, मागच्या वेळी काय झालं होतं, हे सगळं वर्गात शिकवल्यासारखं सांगायचे आणि पोरगं त्यांना वाकून नमस्कार करून माझ्या डोळ्यांदेखत जिना उतरून जायचं.

"मास्तर, तुम्ही बाहेरच्या स्टुलावर बसता का?" मी म्हणायची. "जिन्यावरूनच परत पाठवा. माझा तेवढा काचा पुसायचा वेळ वाचेल."

"तुमचा चहा घेतो मालकीणबाई. खोटा सल्ला कसा देऊ?" ते म्हणायचे. चहा त्यांच्याच थर्मासातला असायचा.

आमच्याकडे अशा लोकांना थांबा पक्ष म्हणतात. हा पक्ष निवडणूक लढवत नाही, पण त्याचे सभासद घरोघर आहेत. ब्रीद एकच, थांबणारा कधी तोट्यात जात नाही. त्साओ म्हणून एक टॅक्सीवाला आहे, दोन भाड्यांच्या मधे माझ्याकडे टेकायला येतो आणि कॉम्प्युटरवरच्या नवीन खेळांच्या गप्पा मारतो. त्यानेच मास्तरांना अध्यक्ष केलं. "अध्यक्ष हक्का आहेत," तो म्हणायचा. "हक्का माणूस नोट खर्च करायच्या आधी तिचा निरोप समारंभ करतो." मास्तर हसायचे. ते खरोखरच हक्का होते, काटकसरीसाठी आमच्याकडे नावाजलेल्या जमातीतले, आणि त्यांच्या सदऱ्याची कॉलर उलटून शिवलेली होती.

मला त्यांचा राग यायचा, पण खरं सांगायचं तर त्यांचं कौतुकही वाटायचं. एक तर त्यांचा अंदाज कधी चुकत नसे. दुसरं म्हणजे त्यांना कार्ड कशाला हवं होतं, ते मला ठाऊक होतं.

मास्तर जन्मभर शाळेत भूगोल शिकवत होते. त्यांचं स्वतःचं गाव मात्र नकाशावर नाही. छापोइ त्याचं नाव. डोंगराच्या उतारावर चहाचे मळे, खाली ओढा, मधे तीसेक घरं. मास्तर सात वर्षांचे होते तेव्हा धरण झालं आणि गाव पाण्याखाली गेलं. निवृत्त झाल्यावर मास्तर कॉम्प्युटरवर घरं उभी करायचं शिकले, नातवंडांच्या वयाच्या पोरांबरोबर क्लासला बसून. मग त्यांनी जुने मोजणीचे नकाशे मिळवले, गावकऱ्यांच्या लग्नांतले फोटो मागून आणले, आणि एकेक घर, एकेक कौल, चहा वाळवायचं एकेक सूप करत करत अख्खं छापोइ उभं केलं. कागदावर नाही, खेळात असतं तसं. डोळ्यांवर तो पेटीसारखा चष्मा बांधला की माणसाने गावात उभं राहावं, मान वळवावी, चालावं.

हे सगळं आईसाठी. आजी एक्याण्णव वर्षांच्या. पण मास्तरांचं कार्ड जुनं. ते गाव त्याला ओढवत नव्हतं. मान वळवली की घरं मागून धक्के खात यायची. एकदा आजींना चष्मा लावून पाहिला तर त्या दोन पावलांत भोवळ येऊन ओकल्या आणि म्हणाल्या, "आपलं गाव असं हलत नव्हतं रे. भूकंपातसुद्धा नाही."

तेव्हापासून मास्तर दर शनिवारी किमती वाचायचे. आणि घरी जाऊन आईला सांगायचे, आणि आई म्हणायची, "थांब. उतरेल." म्हणजे खरं बघता पक्षाच्या अध्यक्ष आजीच होत्या. मास्तर नुसते निरोप्ये.

मग गेल्या हिवाळ्यात उलटंच झालं. किमती उतरायच्या त्या चढायला लागल्या. सगळ्या जगाला अचानक स्वतः विचार करायचा कंटाळा आला आणि तो यंत्राकडून करून घ्यायची हौस सुटली. त्या यंत्रांना लागणारा माल आणि आमच्या कार्डांना लागणारा माल एकच. कारखाने इथून हाकेच्या अंतरावर, आणि आमच्याच काचा रिकाम्या. माझ्याकडे मास्तरांच्या कामाचं एकच कार्ड राहिलं, आणि त्याची किंमत लिहिताना मलाच लाज वाटत होती.

त्या शनिवारी मास्तर आले, पण किमती वाचल्या नाहीत. स्टुलावर बसले, थर्मास उघडला आणि बंद केला.

"मालकीणबाई," ते म्हणाले, "घेऊ की थांबू?"

त्साओ समोरच असल्यामुळे त्याला राहवेना. "अध्यक्षच विचारायला लागले. आता पक्ष फुटला."

मास्तर हसले नाहीत. म्हणाले, "आईचा डावा डोळा गेलाय हे तुम्हाला माहीत आहे. आता उजव्याचाही पडदा मधोमध झिजत चाललाय. डॉक्टरीणबाई सुया देतात, पण त्यांनी सांगितलं, वसंतापर्यंत धरा. पुढचं नाही सांगता येत." थर्मासचं झाकण फिरवत ते म्हणाले, "आणि नवी कार्डं वसंतात येणार. तेव्हा हे उतरणार. मी सगळ्यांना हेच सांगत आलोय."

त्साओने तोंडातली सुपारी कागदात टाकली. मी विचारलं, "आजी काय म्हणतात?"

"काय म्हणणार? थांब म्हणते."

"आणि तुम्ही?"

"मी जन्मात तिचं ऐकलं नाही असं झालेलं नाही," मास्तर म्हणाले. अडुसष्ट वर्षांचा माणूस हे बोलत होता आणि त्यात थट्टा नव्हती.

मी दुकानदार आहे. अशा वेळी काय बोलायचं ते मला आईच्या दुधाबरोबर पाजलंय. पण इथे ते कामाला येईना. घ्या म्हणावं तर माझाच धंदा आणि थांबा म्हणावं तर ते डोळ्यांना कुठे कळतं? मास्तर उठले, नेहमीसारखे वाकले आणि जिना उतरून गेले. ते कार्ड मी काचेतून काढून खालच्या कप्प्यात ठेवलं. दोघांनी विचारलं त्या आठवड्यात, त्यांना संपलं म्हणून सांगितलं. मला स्वतःचंच नवल वाटलं.

पुढच्या शनिवारी सरकत्या जिन्यावरून आधी एक काठी वर आली, मग एक लोकरीची टोपी, मग टोपीखाली आजी. मागे मास्तर, दोन्ही हात पसरून, जणू वरून फुलदाणी पडणार आहे. त्यांच्या मागे त्साओ. त्यानेच टॅक्सीतून आणलं होतं.

"कुठाय ती?" आजी म्हणाल्या. "बघू दे मला, कोण माझ्या पोराला लुबाडतंय."

"मी आजी," मी म्हटलं. "बसा. अजून लुबाडलं नाही, तुम्ही वेळेवर आलात."

आजी आतल्या स्टुलावर बसल्या. मान जरा तिरकी करून, उजव्या डोळ्याच्या कडेने त्यांनी मला न्याहाळलं. मधलं दिसत नसलं की माणूस असं बघतो. "अंगाने बरी आहेस," त्या म्हणाल्या. "म्हणजे धंदा चालतो. काढ ते."

मी कार्ड काढून त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी तोललं, कोंबडी विकत घेताना तोलतात तसं. पंख्यांवरून बोट फिरवलं.

"एवढंसं?"

"एवढंसं."

"हे खातं काय?"

"वीज."

"आणि घालतं काय?"

"छापोइ," मास्तर मागून म्हणाले.

"तू गप रे. बायका बोलतायत." आजींनी किंमत विचारली. मी सांगितली. आजींनी मान हलवली, जशी कोणाच्या घरची वाईट बातमी ऐकून हलवतात. "आणि वसंतात?"

खोटं बोलावंसं मला खूप वाटलं. पण मास्तर तिथे उभे होते, ज्यांनी माझ्या गाळ्यावर बसून कधी कोणाला खोटं सांगितलं नाही. "वसंतात उतरेल आजी. बरंच उतरेल. आणि त्याच्याहून चांगलंही येईल."

"ऐकलंस?" आजी मुलाला म्हणाल्या. कार्ड मांडीवरच होतं.

"त्या दुष्काळात धरण आटलं होतं," त्या म्हणाल्या. "आठवतं तुला गं? नळाला दिवसाआड पाणी यायचं. सगळं तैवान रडत होतं आणि मी रोज टीव्हीवर बघत होते, पाणी किती खाली गेलं. जन्म गेला माझा त्या पाण्याच्या मागे. म्हटलं, एकदा खाली जाऊ दे, माझा उंबरा बघीन. गेलं शेवटी. ह्याने गाडी करून नेलं मला. काय होतं तिथे, सांग हिला."

"चिखल," मास्तर म्हणाले.

"चिखल. भेगा पडलेला. कुठलं घर कुठलं काही कळेना. ह्याने हात धरून सांगितलं, आई, आपण आत्ता चुलीपाशी उभे आहोत. मी म्हटलं, बरं." आजींनी कार्ड वर उचललं. "थांबल्याने सगळंच स्वस्त होतं असं नाही. पाचशे कमी कर."

"आजी, ह्यात मला—"

"मेल्या त्साओ, ती पिशवी दे."

त्साओने पिशवी दिली. आजींनी त्यातून काचेची एक बरणी काढून काउंटरवर ठेवली. आत काहीतरी काळंकुट्ट होतं.

"मुळा आहे. मीठ लावून मुरवलेला. ह्याच्या लग्नाच्या वर्षी घातला होता. ह्याची बायको गेली, मुळा अजून आहे. कोंबडीच्या रश्श्यात एक तुकडा टाक, छातीतला कफ पळून जातो. असला मुळा तुला अख्ख्या क्वांगहुआत मिळणार नाही."

हे मात्र खरं. त्याच्या एका तुकड्यासाठी लोक हटून बसतात. मी पाचशे कमी केले. मग आणखी तीनशे कमी झाले, ते कसे झाले मला अजून कळलेलं नाही. माझी आई बाजारात भाजी विकायची, मी भल्याभल्यांची घासाघीस पाहिली आहे. पण ही बाई दाम पाडत होती आणि समोरच्याला वाटत होतं की आपलीच भरभराट होतेय. मी तिच्या त्या तिरक्या मानेकडे बघत राहिले. मला वाटलं, हिच्याकडून रोज लुबाडून घ्यायला माझी हरकत नाही.

शेवटी मी बांधून दिलं आणि वर हिरव्या पाकिटातला खाऊ ठेवला. मक्याचे नारळी चवीचे सांडगे असतात, तो. आमच्याकडे कुठलंही यंत्र बसवलं की त्याच्या डोक्यावर ते पाकीट ठेवतात. बँकेत, इस्पितळात, टोलनाक्यावर, कुठेही जा. हिरवंच लागतं, कारण सिग्नल हिरवा असला की गाडी चालते. तारीख उलटलेली चालत नाही. आणि ते खायचं नसतं. खाल्लं की यंत्र रुसतं.

"अंधश्रद्धा," मास्तर सवयीने म्हणाले. हे ते दर शनिवारी म्हणायचे.

"खायचं नाही तर देतेस कशाला?" आजींनी विचारलं.

कार्ड बसवायला मी स्वतः गेले. मी कोणाकडे जात नाही, पण मला ते गाव बघायचं होतं. मास्तरांच्या घराला लिफ्ट नाही, चार मजले चढताना माझ्या नाकी नऊ आले आणि वर पोचल्यावर कळलं की आजी ते एकट्या चढून स्वयंपाकघरात तांदूळ निवडत बसल्यात. बोटांनी निवडत होत्या, डोळे भिंतीकडे.

मी जुनं कार्ड काढलं, नवं बसवलं, कॉम्प्युटरच्या पेटीच्या डोक्यावर हिरवं पाकीट ठेवलं. मास्तरांनी खिडकीशी फिरती खुर्ची मांडली आणि आईच्या डोळ्यांवर चष्मा बांधला. टोपी काढू देईनात, म्हणून पट्टा टोपीवरूनच. त्यांना जे दिसत होतं तेच आम्हाला भिंतीवरच्या पडद्यावर दिसत होतं.

मी बाजारात पडद्यांवर लढाया पाहिल्यात, राक्षस पाहिलेत, दुसऱ्या ग्रहांवरचे सूर्यास्त पाहिलेत. हे तसलं काही नव्हतं. सकाळ होती. दगडी वाट होती, एका बाजूला घरं. एका घराच्या भिंतीला सुपं टेकून ठेवलेली. सुपांच्या सावल्या भिंतीवर जराशा वाकड्या पडल्या होत्या, जशा पडतात. आजींनी मान वळवली आणि अख्खं गाव मुकाट्याने वळलं. एक धक्का नाही. मास्तरांनी धरून ठेवलेला श्वास सोडला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी पुसलं नाही, कारण बघणारं कोणी नव्हतं.

आजींनी मान खाली करून दाराकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "पायऱ्या तीन का केल्यास?"

"नकाशात उंची—"

"नकाशा चढत होता का माझ्या दारात? दोनच होत्या. तिसरा दगड तुझ्या आजोबांनी बसायला टाकला होता. आणि कोंबड्या कुठायत?"

"कोंबड्या नाही केल्या आई."

"कोंबड्यांशिवाय गाव? लोक काय म्हणतील?" पण त्या हसत होत्या. हात पुढे करून, हवेतच, त्यांनी दाराच्या चौकटीला हात लावला.

त्याच क्षणी पडदा काळा झाला.

खोलीत काही आवाज नव्हता. कुर्रम असा एक आवाज आला तेवढाच. आम्ही दोघांनी पेटीच्या डोक्यावर पाहिलं. तिथे पाकीट नव्हतं. ते आजींच्या मांडीवर होतं, फोडलेलं, अर्धं संपलेलं.

"बसल्या बसल्या भूक लागली," आजी चष्म्याआडून म्हणाल्या. "दिवे का घालवलेत?"

मास्तरांचा चेहरा पांढरा पडला. जो माणूस इतकी वर्षं अख्ख्या बाजारासमोर अंधश्रद्धा, अंधश्रद्धा म्हणत होता, त्याने चपला उलट्यासुलट्या घातल्या आणि चार मजले धडधडत उतरून कोपऱ्यावरच्या दुकानाकडे धाव घेतली. मी खाली वाकून पाहिलं. आजींनी खुर्ची फिरवली तेव्हा त्यांची काठी वायरीत अडकली होती आणि वायर अर्धी उपसली होती. मी ती पुन्हा नीट बसवली.

"गेला का तो?" आजींनी विचारलं. त्यांनी चष्मा वर सरकवला.

"पाकीट आणायला गेलेत."

"मग ऐक. तू बाई आहेस म्हणून सांगते." त्यांनी मांडीवरच्या पाकिटातला एक सांडगा मला दिला. "मी थांब थांब का म्हणत होते, तुला काय वाटतं? पैशासाठी?"

"वाटलं होतं खरं."

"पैसे काय, माझ्या मरणासाठी बाजूला ठेवलेत ते आहेतच. हा रोज संध्याकाळी माझ्यापाशी येऊन बसतो. आई, शेजारच्या शिया कुटुंबाच्या घराचं दार कुठल्या बाजूला होतं? आई, ओसरीवर खांब किती होते? त्याचा बाप असा कधी माझ्याशी बोलला नाही. मुली-सुनासुद्धा आईशी इतकं बोलत नाहीत. मला वाटायचं, हे एकदा पुरं झालं, मला दाखवून झालं, की मग हा विचारणार काय? म्हणून म्हणायची, थांब, उतरेल."

मी सांडगा हातातच धरला. "मग आता का घेऊ दिलंत?"

"मागच्या आठवड्यात तो बाजारातून आला आणि जेवला नाही. तिथे बसून होता, दिवा न लावता. मी विचारलं, काय रे, तर म्हणाला, काही नाही आई, थांबू." आजींनी चष्म्याचा पट्टा चाचपला. "गाव सोडलं तेव्हा ट्रकच्या मागे बसून असाच बघत होता. मी त्याला म्हटलं होतं, थांब, आपण परत येऊ."

जिन्यावर पावलं वाजली. मास्तर आले, घामाने निथळत, हातात दोन हिरवी पाकिटं. एक त्यांनी तारीख वाचून, दोन्ही हातांनी, पेटीच्या डोक्यावर ठेवलं. मी बटण दाबलं. छापोइची सकाळ पडद्यावर परत आली. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली. मी त्यांना वायरीचं सांगितलं नाही. अजूनही सांगितलेलं नाही आणि तुम्हीही सांगू नका.

आजी पुन्हा चालू लागल्या. आता त्यांना हातातलं बटण कसं दाबायचं ते जमलं होतं. घरातून गेल्या, चुलीपाशी जरा थांबल्या, मागचं दार उघडून बाहेर आल्या. आणि तिथे सगळं संपलं होतं. अंगणाच्या कडेपर्यंत गवत होतं, त्याच्यापुढे नुसता करडा रंग. वाट नाही, झाड नाही, आभाळसुद्धा नाही.

"हे काय?" आजी म्हणाल्या. "पुढचं कुठाय?"

"पुढचं मला माहीत नाही आई," मास्तर म्हणाले. "नकाशात तिथे नुसतं रान दाखवलंय. फोटोही नाही कोणाकडे. तिकडून तुम्ही बायका पहाटे ओढ्यावर धुवायला जायचात. मोठ्या मुलग्यांना नेत नव्हतात."

"नव्हतोच नेत. तिथे आम्ही तुमच्याबद्दलच बोलायचो."

"मग तू कधी सांगितलं नाहीस."

"तू कधी विचारलं नाहीस."

मास्तरांनी त्या करड्या रंगाकडे पाहिलं. इतकी वर्षं त्यांनी घरं विचारली, दारं विचारली, खांब विचारले. गावातल्या बायका रोज पहाटे घरामागे कुठे जातात, हे त्यांच्या कुठल्याच नकाशात नव्हतं, म्हणून प्रश्नही नव्हता. हातात हात घालून बसलेल्या मायलेकांना ह्या एका वाटेचा पत्ता नव्हता. खरं म्हणजे एकीला होता.

"बस तिथे," आजी म्हणाल्या. "यंत्रापाशी बस. आता मी सांगते. अंगणातून उजवीकडे वळायचं. बांबू लागतात. दाट नाही, एवढे दाट नाही करायचे, पलीकडचं पाणी दिसलं पाहिजे. मग उतार. धुवायचे दगड नऊ होते, प्रत्येकीचा ठरलेला. माझा सगळ्यात वरचा, कारण मी सगळ्यात शेवटी लग्न होऊन आले होते आणि तिथे ऊन उशिरा यायचं."

मास्तर बसले. मी माझी हत्यारं गोळा केली आणि निघाले. मला कोणी जा म्हटलं नाही आणि थांब म्हटलं नाही. दारातून वळून पाहिलं तर आजींचे दोन्ही हात हवेत बांबू लावत होते.

त्यानंतर मास्तर शनिवारी यायचे बंद झाले. आतलं स्टूल रिकामं राहू लागलं. नवख्यांना मी कार्डं विकत होते, अडवणारं कोणी नव्हतं, आणि मला करमत नव्हतं. एकदा एका पोराला मीच विचारून बसले, "फार घाई आहे का?" त्साओ खो खो हसला.

वसंत आला. नवी कार्डं आली आणि मास्तरांनी घेतलेलं कार्ड धडाधड खाली आलं. अगदी ते सांगत होते तसंच. त्साओ म्हणाला, "अध्यक्षांना बातमी द्यायला पाहिजे. पक्षाच्या इतिहासातला पहिला तोटा." मला हसू आलं नाही, पण निमित्त बरं होतं. आम्ही दोघं संत्री घेऊन निघालो.

दार उघडंच होतं. आजी खिडकीशी त्याच खुर्चीत होत्या, पण चष्मा त्यांच्या डोळ्यांवर नव्हता. उजवा डोळाही आता उघडा असून नसल्यासारखा होता. चष्मा मास्तरांनी बांधला होता. ते खोलीच्या मधोमध उभे होते, मोजे घालून, हात जरा पुढे धरून. पेटीच्या डोक्यावर नवं हिरवं पाकीट होतं. पडद्यावर बांबू होते, फार दाट नव्हते, आणि त्यांच्यामधून पाणी चमकत होतं. अंगणात कोंबड्या.

"कोण आलं?" आजींनी विचारलं.

"मी आजी. कार्डवाली."

"मुळा संपला का?"

"पुरवून पुरवून खातेय." आणि मग माझ्या दुकानदाराच्या जिभेला हाड नाही ते नाहीच. मी बोलून गेले, "आजी, तुमचं कार्ड उतरलं हो. तिसरा हिस्सा कमी झाला."

बोलल्यावर जीभ चावली. मास्तर चष्म्याआड नुसते उभे होते. आजींनी मान त्यांच्या दिशेला वळवली.

"बघ," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं होतं, थांब."

"हो आई."

"कधी ऐकत नाहीस."

"नाही आई."

"आता डावीकडे. माझा दगड लागेल. शेवाळ आहे, जपून."

आणि मास्तरांनी, सपाट फरशीवर, आईने सांगितलं तसा एक पाय उचलून अगदी जपून पुढे ठेवला.